३१ ऑक्टोबर १९८४: तुम्ही टीव्हीसमोर होतात, मी टीव्हीच्या मागे

शंभर_वॉट

परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. बायकोचा हुकूम होता, एकतर रिकामी करा नाहीतर भंगारात द्या. तळाशी माझी १९८४ सालची वही निघाली. लॉगबुक ऑफिसचं असतं, ते ऑफिसातच राहिलं. पण नोकरी नवी होती आणि हौस होती, म्हणून रोजच्या नोंदी मी स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवायचो. व्होल्टेज किती, फॉरवर्ड पॉवर (ट्रान्समीटरकडून मनोऱ्याकडे जाणारी शक्ती) किती, लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली. ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, म्हणजे इंदिरा गांधींच्या हत्येपासून अंत्यसंस्कारापर्यंतची, अशी चार पानं त्यात आहेत. डिझेलचे डाग आहेत, पण अक्षर लागतं.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका गावी दूरदर्शनच्या लघुशक्ती केंद्रावर टेक्निशियन होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, एक मनोरा, अंगणात मोठी डिश, मागे जनरेटरची खोली. संपली मालमत्ता. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये वर गेला आणि पुढच्या वर्षी असे ट्रान्समीटर देशात जवळपास रोज एक या वेगाने बसत गेले, त्यातलाच आमचा. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही. दिल्लीहून उपग्रहावर जाईल ते डिशने उतरवायचं आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात सोडायचं. मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्याकडे यायचेच नाहीत. गावाला वाटायचं ते मीच लावत नाही. बाजारात बायका अडवून विचारायच्या, "साहेब, एखादं मराठी नाटक लावा की."

तर त्या चार दिवसांत आमच्या गावाने टीव्हीवर जे पाहिलं ते सगळं माझ्या हातून गेलं. आणि मला स्वतःला ते चार माणसांत बसून पाहता आलं नाही. म्हणून आधी तुम्ही सांगा: तेव्हा तुम्ही टीव्ही कुठे पाहिलात, कोणाच्या घरी, काय डोळ्यांसमोर राहिलंय? माझं मी नंतर लिहितो.

मोरपंख

मी नऊ वर्षांची होते. दिवाळी नुकतीच झाली होती, अंगणातला मातीचा किल्ला अजून पाडला नव्हता. बाबा बँकेतून भर दुपारी सायकल ढकलत घरी आले. पंक्चर नव्हती, तरी ढकलत आले, हे मला अजून आठवतं. संध्याकाळी शेजारच्या वकीलकाकांकडे. त्यांचा टीव्ही शटरवाला, लाकडी पेटीतला. एरवी रविवारच्या पिक्चरला काकू आम्हा मुलांकडून चार आणे घ्यायच्या. त्या दिवशी कोणी मागितले नाहीत, तरी माझ्या धाकट्या भावाने नेमाने नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. काकू रडायलाच लागल्या. आम्हाला वाटलं नाणं खोटं निघालं.

टोपणनाव_सुचेना

चार आणे? आमच्याकडे दहा पैसे होते आणि जमिनीवर बसलं तर फुकट. तुमचे वकीलकाका महागडे दिसतात.

मोरपंख

@टोपणनाव_सुचेना वकीलच ते.

किरकिरा_रेडिओ

आमच्याकडे टीव्ही नव्हता, आजोबांचा ट्रान्झिस्टर होता. गोळ्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाडल्या. बीबीसीवर मृत्यूची बातमी दुपारीच होती. आकाशवाणीवर अधिकृतपणे सांगायला संध्याकाळचे सहा वाजले. मधले तास आकाशवाणीवर नुसती सारंगी. आजोबा म्हणाले, "सारंगी लागली म्हणजे झालं." त्यांनी नेहरू गेले तेव्हाही रेडिओच ऐकला होता. त्यांना बातमी लागतच नसे, वाद्यावरून कळायचं.

खरं_बोलू

हा उशीर हाच खरा विषय आहे. सगळ्या गावाला माहीत आणि सरकारी माध्यम गप्प. राजीव गांधी पश्चिम बंगालमध्ये, राष्ट्रपती झैलसिंग परदेशात, म्हणून सहा वाजेपर्यंत थांबले आणि मग पावणेसातच्या सुमारास शपथविधी. त्या रिकाम्या वेळेत अफवांनी काय केलं ते दिल्लीला विचारा. राष्ट्रपतींची गाडी विमानतळावरून एम्सकडे जाताना तिच्यावरही दगड पडले.

बोरूबहाद्दर

खुर्ची रिकामी असताना तुम्ही सरकारात असता तर घाईने सांगितलं असतंत का? मागे बसून बोलणं सोपं आहे. बाकी अफवांबद्दल सहमत. आमच्या गल्लीत तर "पाकिस्तानने केलं" इथपासून सुरुवात झाली होती.

खरं_बोलू

@बोरूबहाद्दर सांगितलं असतं. आणि सोबत शांततेचं आवाहनही दहा वेळा केलं असतं.

शंभर_वॉट

किल्ला, चार आणे, सारंगी! असंच काहीतरी ऐकायचं होतं. आता माझा ३१ तारखेचा हिशेब.

आमचं प्रक्षेपण तेव्हा संध्याकाळचं. सकाळी मी खोलीवर कपडे धूत होतो. दुपारी पानवाल्याने हाक मारून सांगितलं, बीबीसी असं म्हणतंय, तुम्हाला काय खबर? गावाची समजूत अशी की टीव्हीवाल्याला सगळं आधी कळतं. मला तर पानवाल्याकडून कळलं. केंद्रावर गेलो. वरच्या ऑफिसला ट्रंक कॉल बुक केला, तो लागेना. लाइटनिंग कॉल, म्हणजे ताबडतोब जोडून मिळणारा, करायचा तर आठपट पैसे, तो अधिकार माझ्याकडे नव्हता. मग रिसीव्हर चालू करून बसून राहिलो. पडद्यावर कलर बार आणि कानात टोन. एरवी ती शिट्टी मला कधी नकोशी झाली नाही, कारण टोन आहे म्हणजे लाइन चांगली आहे. त्या दिवशी ती ऐकवेना.

पाचपर्यंत कुंपणाबाहेर दीडेकशे माणसं जमली. ज्यांच्या घरी टीव्ही नाही ती. त्यांचं म्हणणं, टीव्ही जिथून निघतो तिथे तर दिसेल ना! तर्क बिनतोड होता. मी चौदा इंची मॉनिटर खिडकीत नेऊन त्याचं तोंड बाहेर केलं. त्यामुळे सलमा सुलतान यांनी बातमी वाचली तेव्हा माझ्यासमोर मॉनिटरची मागची बाजू, जाळीतून दिसणारी पिक्चर ट्यूबची मान आणि पलीकडे लोक. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. मागे उभ्या एकाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून पुन्हा डोक्यावर घातली. मी मीटरच्या नोंदी घेत होतो. वहीत लिहिलंय: "फॉ. पॉ. ९५, चित्र उत्तम."

रात्री उशिरा वरून निरोप आला. सिग्नल असेपर्यंत ट्रान्समीटर बंद करायचा नाही, उद्यापासून दिवसभर. केंद्रावर आम्ही तिघं. त्यातला एक दिवाळीची सुट्टी घेऊन गावी गेलेला.

पुरणपोळी_विदाऊट_तूप

"चित्र उत्तम." अरे देवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निवृत्त_व्हॅक्यूमट्यूब

दादा, मीही याच धंद्यातला, पण मोठ्या केंद्रावरचा. तुम्ही कॅमेरा नाही म्हणून हळहळू नका. बातमी सगळ्यांना ठाऊक असते, अडतं आमच्या डबड्यापाशीच. डॅलसला २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींना गोळी लागली तेव्हा सीबीएसवर वॉल्टर क्रॉंकाइट यांचा आधी नुसता आवाज गेला, पडद्यावर पाटी. कारण कॅमेऱ्याच्या नळ्या थंड होत्या आणि त्या तापायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मरणाच्या दारात आणि चित्र कशासाठी थांबलंय, तर फिलामेंट तापत नाही म्हणून! त्यानंतर बातमीच्या स्टुडिओत एक कॅमेरा कायम गरम ठेवायची पद्धत पडली. दोनच दिवसांनी संशयित मारेकरी ओस्वाल्डला पोलीस कचेरीच्या तळघरात गोळी घातली, ती मात्र एनबीसीवर थेट गेली. तिथे कॅमेरा गरम होता.

टोपणनाव_सुचेना

आपल्याकडे कॅमेरा गरम असो की थंड, "रुकावट के लिए खेद है" ही पाटी कायम गरम.

शंभर_वॉट

@टोपणनाव_सुचेना हा आरोप मी चाळीस वर्षं ऐकतोय. ती पाटी दिल्लीहून यायची. ती दिसली म्हणजे माझा ट्रान्समीटर ठणठणीत आहे असं समजा. माझी चूक असली की पडद्यावर मुंग्या यायच्या. पाटी दिल्लीची, मुंग्या माझ्या.

पुरणपोळी_विदाऊट_तूप

"पाटी दिल्लीची, मुंग्या माझ्या." आत्मचरित्राला नाव मिळालं.

अवांतराचा_राजा

अवांतर: टीव्हीला हार घातलेला कोणी पाहिलाय का? आमच्या चाळीत २ तारखेला एका आजींनी टीव्हीच्या पेटीवर झेंडूचा हार घालून समोर निरांजन लावलं होतं. तेलाचा थेंब मागच्या जाळीतून आत गेला म्हणून मालक आठवडाभर बोंबलत होते.

बोरूबहाद्दर

हार पाहिलाय. निरांजन नाही. पण आमच्या घरी आई टीव्हीसमोर चप्पल घालून कोणाला बसू देईना, पार्थिव दिसतंय म्हणून.

मोरपंख

आमच्याकडे १ आणि २ तारखेला दिवसभर तीन मूर्ती भवन दिसत होतं, दिल्लीत पार्थिव दर्शनाला ठेवलं होतं ते. रांग, रांग, रांग. लहान मुलाला किती वेळ बघवणार? पण उठायची हिंमत होईना. आमचा पडदा निळा, वकीलकाकांनी वर निळी काच लावली होती डोळ्यांसाठी. त्यामुळे माझ्या आठवणीत सगळं दुःख निळं आहे. ब्रिटनच्या थॅचरबाई आणि पाकिस्तानचे झिया-उल-हक अंत्यसंस्काराला आले होते तेही निळेच.

खरं_बोलू

तीन मूर्ती भवनचं जे राहिलं ते मी लिहितो. त्या रांगेत "खून का बदला खून से लेंगे" अशा घोषणा दिल्या जात होत्या आणि त्या दूरदर्शनवरून देशभर ऐकू गेल्या. तिकडे त्याच वेळी त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी जळत होतं. अहुजा समितीने नंतर एकट्या दिल्लीतल्या मृतांचा आकडा २,७३३ दिला. धागाकर्ते, तुमच्या "चित्र उत्तम" मध्ये हेही होतं. आवाज उत्तम होता का?

पुरणपोळी_विदाऊट_तूप

जरा सबुरीने घ्या हो. ते बिचारे एका गावात बसून मीटर वाचत होते.

शंभर_वॉट

सबुरी नको. प्रश्न बरोबर आहे. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच, आणि दोन दिवस मी ट्रंक, पानवाला करत टाळत होतो.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी दोनदा लाइट गेली. पहिल्यांदा जनरेटर चालू झाला, दुसऱ्यांदा नुसताच खोकला आणि बसला. हँडल मारून मारून माझ्या आणि सहकाऱ्याच्या हाताची सालं निघाली. डिझेल संपत आलेलं असताना वरून कॅन ओतला होता, त्यात लाइनमध्ये हवा शिरली. आता हे कळतं. तेव्हा वायरिंग सोडून मला काही येत नव्हतं.

गावात डिझेल इंजिनाचा जाणकार एकच, नाक्यावरच्या गॅरेजचे सरदारजी. पंजाबातले नव्हेत, पिढ्यान् पिढ्या इकडचेच, दखनी शीख. बोलणं अस्सल आपल्याकडचं. मी सायकल मारत गेलो. बाजार बंद होता आणि त्यांचं शटर अर्ध्यावर होतं. मी वाकून आत बघितलं, म्हटलं जनरेटर बसलाय, चला. ते म्हणाले, "आज?" मी म्हटलं, "आजच." त्यांनी पाने सिमेंटच्या गोणीत भरले आणि माझ्या कॅरिअरवर बसले. त्यांची स्वतःची मोटरसायकल आतच उभी होती. मला वाटलं पेट्रोल नसेल. सरकारी माणसाच्या सायकलवर त्यांना का बसावंसं वाटलं हे मला ध्यानात यायला फार वर्षं गेली. चोवीस वर्षांचा होतो, पण ती काही सबब नाही.

त्यांनी फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला केला आणि मला हातपंप मारायला लावला. फटीतून डिझेलचा फेस यायला लागला. "फेस थांबेपर्यंत मारा साहेब." फेस थांबला, बुडबुडे थांबले, नुसती पिवळी धार आली, तसा त्यांनी बोल्ट आवळला. मग नोझलकडचा नट, तिथेही तसंच. एक तांब्याचा वॉशर चपटा झाला होता तो बदलला. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवलं, वेग आल्यावर खटका सोडला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. वीस मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

लोडवर व्होल्टेज बघायला ते हात पुसत ट्रान्समीटरच्या खोलीत आले. मॉनिटर आता आतल्या बाजूला होता. तीन मूर्ती भवन चाललं होतं. आणि ती घोषणा आली. एकदा नव्हे. मी पटकन मॉनिटरचा आवाज शून्यावर आणला.

ते पडद्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर पॅनेलवर होती. मॉनिटरचं बटण मॉनिटरपुरतं असतं, बाहेर जाणाऱ्या आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही. आवाजाच्या मीटरचा काटा घोषणेगणिक उजवीकडे उडी मारत होता. ते म्हणाले, "काटा हलतोय की, साहेब."

मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "व्होल्टेज दोनशे तीस धरा, वर जाऊ देऊ नका." गोणी उचलली. मी त्यांना सायकलवरून सोडून आलो, वाटेत आम्ही डिझेलच्या भावाबद्दल बोललो.

वहीत १ नोव्हेंबरला लिहिलंय: "जन. दुरुस्त. ध्वनी सामान्य."

मोरपंख

...

निवृत्त_व्हॅक्यूमट्यूब

तांत्रिक माणूस म्हणून सांगतो, सहक्षेपण केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला मजकुरात हात घालायचा अधिकार नसतो. प्रक्षेपण तोडलं असतंत तर दुसऱ्या दिवशी चार्जशीट. आणि कुंपणाबाहेरच्या दीडशे माणसांनी केंद्राच्या काचा ठेवल्या नसत्या. शिवाय एक शंभर वॉटवाला बंद करून काय होणार होतं? दिल्लीचा मोठा ट्रान्समीटर चालूच होता. तुम्ही उगाच स्वतःला फासावर चढवू नका.

खरं_बोलू

@निवृत्त_व्हॅक्यूमट्यूब दिल्लीच्या नियंत्रण कक्षातही असाच कोणीतरी बसला असेल आणि त्यालाही वाटलं असेल की आपल्याला अधिकार नाही. तिथे तर फेडर, आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, हाताशी होता. घोषणेच्या जागी समालोचन वर घ्यायला काय लागतं? तुम्हीच सांगा, तुम्ही मोठ्या केंद्रावरचे.

निवृत्त_व्हॅक्यूमट्यूब

फेडर खाली घ्यायला बोट लागतं. पण थेट प्रक्षेपणात गर्दीचा आवाज म्हणजे "वातावरण", तो ठेवायचा असतो असं आम्हाला शिकवलेलं. काय ऐकू येतंय यापेक्षा किती डेसिबल आहे याकडे लक्ष असतं. हे समर्थन नाही, सवय सांगतोय. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही.

बोरूबहाद्दर

मला दोन्ही बाजू पटतात आणि त्याचा राग येतोय. तरी एक विचारतो. शंभर_वॉट, तुम्ही तेव्हा ट्रान्समीटर बंद करायचा विचार केला होता का?

शंभर_वॉट

नाही. मनातही आला नाही. चार्जशीट, काचा, दिल्लीचा मोठा ट्रान्समीटर ही सगळी कारणं मला नंतर सुचली, बरीच नंतर. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हे सरदारजींना ऐकू जाऊ नये. बाकीच्या गावाला जातंय याचं काही वाटलं नाही.

अवांतराचा_राजा

दुसऱ्या दिवशी नाक्यावर काही झालं का? नसेल सांगायचं तर राहू द्या.

शंभर_वॉट

@अवांतराचा_राजा सांगतो. आमच्या गावात दिल्लीसारखं काही झालं नाही. २ तारखेला रात्री गॅरेजच्या शटरवर दगड पडले, दोन की तीन. कोणी मारले कळलं नाही. पोलिसांची गाडी दोन दिवस उभी होती. ते टीव्ही बघून मारले की तसेच मारले, कोण सांगणार? मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून बरं वाटतं असंही नाही.

गोदाकाठ

नांदेडहून. एरवी मी नुसतीच वाचते. आमचं घर सचखंड गुरुद्वाऱ्यापासून चालत पाच मिनिटं. त्या चार दिवसांत आमच्याकडे टीव्ही लागला नाही. होता, नवा होता, हौसेने घेतलेला. वडिलांनी वायर काढून कपाटात ठेवली. आम्ही मुलं अंत्ययात्रा बघायची म्हणून मागे लागलो, आजीला तर इंदिराजींबद्दल फार माया होती, तीही म्हणाली लाव रे. वडील म्हणाले, आवाज बाहेर गेला तर लोक म्हणतील हे लोक टीव्ही बघत बसलेत, आणि नाही गेला तर म्हणतील यांना दुःख नाही. मग त्यांनी वायर जोडली आणि आवाज बंद करून चित्र लावलं. आम्ही सगळी अंत्ययात्रा मुक्याने पाहिली.

शंभर_वॉट काका, आमच्याकडे आवाज आलाच नाही, त्यामुळे घोषणा मी पहिल्यांदा फार नंतर, कॉलेजात असताना कोणाकडून तरी ऐकल्या. ऑगस्ट २००५ मध्ये डॉ. मनमोहनसिंग यांनी संसदेत १९८४ बद्दल माफी मागितली ते मात्र आम्ही पूर्ण आवाजात लावलं होतं. वडील तोपर्यंत गेले होते.

पुरणपोळी_विदाऊट_तूप

गोदाकाठ, लिहित्या झालात, फार बरं वाटलं. आता थांबू नका.

मोरपंख

आवाज बंद करून पाहिलेली अंत्ययात्रा. माझी निळी आठवण मी मागे घेते, उगाच कौतुकाने सांगितली.

गोदाकाठ

@मोरपंख मागे नका घेऊ. आमच्याकडेही निळी काच होती.

टोपणनाव_सुचेना

मला १९९१ आठवतं. २१ मे, राजीव गांधी. रात्री सव्वादहानंतरची घटना, तेव्हा आमच्या घरी टीव्ही होता पण आम्ही झोपलो होतो. सकाळी दूधवाल्याने सांगितलं. सात वर्षांत देश कुठल्या कुठे गेला आणि बातमी पुन्हा दूधवाल्याकडूनच.

बोरूबहाद्दर

पानवाला, दूधवाला. खरी वृत्तसंस्था हीच. विश्वासार्हता तेवढी गोत्यात.

अवांतराचा_राजा

सरदारजींनी पैसे किती घेतले? आणि पुढे ते कुठे गेले?

शंभर_वॉट

साडेतीन रुपये. तांब्याच्या वॉशरचे. मजुरीचं व्हाउचर मी करून नेलं, त्यांनी सही केली नाही, म्हणाले राहू द्या. मला त्या व्हाउचरचं काय करावं कळेना, शेवटी ते याच वहीत राहिलं. कुठे गेले नाहीत, गावातच राहिले. माझी १९८८ मध्ये बदली झाली तोपर्यंत आमचा जनरेटर तेच बघायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मुलांनी आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलंय असं ऐकतो.

खरं_बोलू

शंभर_वॉट, मी वर जरा तोंड टाकून बोललो. प्रश्न मागे घेत नाही, सूर घेतो.

शंभर_वॉट

@खरं_बोलू दोन्ही असू द्या.

३ तारखेचं एक पान राहिलंच. अंत्ययात्रा चालू असताना दुपारी २ वाजून १० मिनिटांनी लाइट गेली. जनरेटर पहिल्याच हँडलला लागला, पण चेंजओव्हर, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर जाणं, मग ट्रान्समीटर पुन्हा वर घेणं, यात २ वाजून १४ मिनिटं झाली. अंत्ययात्रेच्या प्रक्षेपणातला आमच्या बाजूचा खंड तेवढाच. चार मिनिटं. मी त्याचं स्पष्टीकरण देणारं अर्धं पान लिहिलंय, कोणी मागितलं नव्हतं तरी.

मनोऱ्याखालचा

नवीन सदस्य आहे. भावाने या धाग्याची लिंक पाठवली आणि मी तीनदा वाचला. काका, तुमचं गाव मी ओळखलं. मनोऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर.

तुमचा पहिला प्रश्न होता, टीव्ही कुठे पाहिलात. आमच्या थोरल्या काकांकडे, माडीवर. साठ-सत्तर माणसं, अर्धी जिन्यात. गाडा दिसत होता आणि अचानक सगळ्या पडद्यावर मुंग्या. लोक ओरडायला लागले. काका धोतर खोचून तसेच पत्र्यावर चढले आणि अँटेना फिरवायला लागले. खालून सगळे ओरडतायत, "थोडी उजवीकडे! आता डावीकडे!" पावसाळ्यानंतर पत्रा कुजलेला, एक पाय आत गेला, घोट्यापासून सोललं. तेवढ्यात चित्र आलं. खालून आवाज आला, "बास, बास, तिथेच धरा!" काका पाय तसाच अडकलेला ठेवून अँटेना धरून उभे. अंत्यविधी संपेपर्यंत. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की हात सोडला तर चित्र जाईल. त्यांनी स्वतः काहीच पाहिलं नाही.

पुढे कितीतरी वर्षं घरात वाद होता की अँटेना आधी बरोबर होती की नंतर. काका आता ८६ वर्षांचे आहेत, कानाने कमी ऐकतात, पण हा विषय काढला की अजून तावातावाने बोलतात.

शंभर_वॉट

त्या मुंग्या माझ्या. काकांना मोठ्याने सांगा, अँटेना आधीपासून बरोबर होती.